नोंद आहे, ताबा नाही

2 एप्रिल 2022 चा दिवस. शनिवार होता आणि गुढीपाडवाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचे गाव आहे. तिथे संध्याकाळी गावजेवणाची तयारी चालली होती. पावणेआठ वाजून गेले आणि आभाळातून पेटलेल्या ठिपक्यांची एक रांग सरकताना दिसू लागली. उल्का पडते ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते. ही रांग मात्र सावकाश, जवळजवळ आडवी जात होती. बघणाऱ्यांना मोबाइल काढून चित्रण करायला पुरेसा वेळ मिळाला. मग लाडबोरीवर लाल झालेली एक चकती खाली आली आणि मोठा आवाज करत गावातल्या मोकळ्या जागेत आदळली. स्फोट होईल या भीतीने लोक घरात पळाले आणि अर्धा तास कुणी बाहेर आले नाही. हा वाघांचा मुलूख. अंधार पडल्यावर बाहेरच्या आवाजाला घाबरणे इथे नवे नाही, पण आवाज वरून येण्याची ही पहिलीच वेळ.

लोक बाहेर आले तेव्हा समोर धातूचे एक भलेमोठे कडे पडले होते. व्यास दोन-तीन मीटर, वजन 40 किलोंच्या वर. दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यातल्या पवनपार शिवारात अर्ध्या मीटर व्यासाचा एक गोळा सापडला. सिंदेवाही पोलीस ठाण्यात भाताच्या चोरीपासून वाघाच्या हल्ल्यापर्यंत सगळ्याची नोंद होते. आता तिथे एका रॉकेटचे सुटे भाग जमा झाले.

गोंदियाकरांना सिंदेवाही हे परके नाव नाही. गोंदियाहून बल्लारशाकडे निघालेली गाडी अर्जुनी मोरगाव, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड करत सिंदेवाहीला थांबते. मध्ये धानाच्या बांध्या, बोड्या आणि जंगल. झाडीपट्टी म्हणतात ती हीच. गोंदिया शहरापासून लाडबोरीचा परिसर सरळ रेषेत सुमारे 140 किलोमीटर आहे. जमिनीवर हे अंतर मोठे, वरच्यासाठी काहीच नाही. कक्षेतली वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते, म्हणजे हे अंतर ती वीस सेकंदांच्या आत कापते. कक्षेची रेघ थोडी पूर्वेकडे कलली असती, तर तेच कडे नवेगावबांधच्या काठावर पडू शकले असते. बिरसीच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. गोंदियाच्या आभाळात तिकिटाचे विमान येऊन तीन आठवडे होत नाहीत तोच शेजारच्या जिल्ह्यात आभाळातून लोखंड आले, असा हा योग.

पहिल्या रात्री तर्क बरेच झाले. उल्कावर्षाव म्हणून झाले, विमान म्हणून झाले. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडवरून इलेक्ट्रॉन नावाचे रॉकेट उडाले होते, म्हणून काही जाणकारांचा संशय तिकडे गेला. हा तर्क वेळेवर बसत होता, वाटेवर बसत नव्हता. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल कक्षेतल्या वस्तूंची वही कित्येक वर्षे ठेवत आले आहेत. त्यांनी वेगळेच नाव पुढे केले. फेब्रुवारी 2021 मध्ये चीनने सोडलेल्या चांग चंग 3-बी रॉकेटचा तिसरा टप्पा, क्रमांक वाय-77. हा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणे अपेक्षित होते आणि त्याची वाट महाराष्ट्रावरून जाणाऱ्या त्या रांगेशी जुळत होती. पुढच्या आठवड्यात इस्रोचे शास्त्रज्ञ सिंदेवाहीला येऊन तुकडे पाहून गेले.

या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत चमत्कारिक वाटते ते हे की त्या कड्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हते असे नाही. ते ज्या टप्प्याचा भाग होते त्याची नोंद होती, त्याला क्रमांक होता, कक्षा रोज मोजली जात होती, तो पडण्याचा दिवस आणि जवळजवळ तासही सांगितला गेला होता. तरी लाडबोरीला कुणी कळवू शकले नाही. चूक तासाभराची असली तर तेवढ्यात तो टप्पा पृथ्वीला अर्ध्याहून जास्त वळसा घालतो. तासाची खात्री आणि गावाची खात्री यांच्यात अख्खे खंड मावतात.

आणखी एक गोष्ट पडण्याच्या गडबडीत मागे राहिली. जमिनीवर येण्याआधी चौदा महिने हा टप्पा वर फिरत होता. दूरसंचाराच्या उंच कक्षेकडे उपग्रह पोचवणाऱ्या रॉकेटचा शेवटचा टप्पा अतिशय लांबट कक्षेत उरतो. एक टोक पृथ्वीपासून दोन-अडीचशे किलोमीटरवर, दुसरे सुमारे 36,000 किलोमीटरवर. प्रत्येक फेरीत तो खालच्या टोकाला वातावरणाला घासून जातो, थोडी शक्ती गमावतो आणि वरचे टोक खाली येत राहते. म्हणजे पडेपर्यंत प्रत्येक फेरीत दोनदा, उतरताना आणि चढताना, तो त्या सगळ्या उंची ओलांडतो जिथे जगाचे हवामानाचे, नकाशांचे, टेहळणीचे उपग्रह फिरतात. त्यात इंधन उरलेले नसते, त्याला आज्ञा देता येत नाही. समोरच्याने बाजूला व्हायचे, एवढाच इलाज.

गोंदिया-बल्लारशा मार्गावर कितीतरी वर्षे एकच रूळ होता. समोरासमोरच्या गाड्या स्टेशनावरच एकमेकींना ओलांडत आणि पुढचा तुकडा मोकळा असल्याचे कळल्याशिवाय स्टेशनमास्तर गाडी सोडत नसे. कक्षेत स्टेशन नाही, मास्तर नाही, सिग्नल नाही. निम्म्याहून अधिक गाड्यांत ड्रायव्हरही नाही. असे असून टकरी इतक्या कमी का झाल्या, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

ऑक्टोबर 1957 मध्ये स्पुटनिक उडाले तेव्हा प्रश्न टकरीचा नव्हता, ते दिसेल कसे हा होता. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने जगभर बारा ठिकाणी बेकर-नन जातीचे कॅमेरे बसवले. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उपग्रहाचा फोटो घ्यायचा आणि त्यावरून त्याची जागा काढायची अशी ती पद्धत. त्या बारांतला एक कॅमेरा 1958 मध्ये नैनीतालच्या वेधशाळेत आला. उपग्रहाच्या मागावर राहण्याचे काम भारतात सुरू झाले ते आपला पहिला उपग्रह उडण्याच्या सतरा वर्षे आधी. तेव्हा वर फिरणाऱ्या वस्तू हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या.

ही मोजणी बिघडली 29 जून 1961 ला. अमेरिकेचा ट्रान्झिट 4-ए हा उपग्रह कक्षेत ठेवून झाल्यावर त्याच्या रॉकेटचा एबलस्टार नावाचा वरचा टप्पा तासा-सव्वातासात फुटला. टाकीत उरलेल्या इंधनाने घात केला. सुमारे तीनशे तुकडे झाले आणि तोवरच्या नोंदवहीतली संख्या एका दिवसात कित्येक पटींनी वाढली. काम संपलेले रॉकेट म्हणजे मेलेले रॉकेट नव्हे, हा धडा इथेच मिळाला होता. तो शिकायला जगाला पुढे वीस-पंचवीस वर्षे लागली. भारताला चाळीस.

22 ऑक्टोबर 2001 ला पीएसएलव्ही-सी3 ने टेस नावाचा उपग्रह वर नेला. उड्डाण चोख झाले. 19 डिसेंबरला त्याच रॉकेटचा चौथा, द्रव इंधनाचा टप्पा कक्षेत फुटला आणि तीनशेहून अधिक तुकडे नोंदवहीत चढले. भारतात याची फारशी चर्चा झाली नाही. यशस्वी उड्डाणाच्या बातमीत दोन महिन्यांनंतरच्या स्फोटाला जागा नसते. इस्रोच्या अभियंत्यांनी मात्र तो प्रकार मनावर घेतला. त्यानंतरच्या उड्डाणांपासून काम संपले की टाकीतले उरलेले इंधन आणि दाब बाहेर सोडून टप्पा निर्धोक करण्याची रीत पडली. चीनच्या रॉकेटांवर आपण बोट ठेवतो ते रास्तच आहे, पण आपल्या घरचा हा हिशेबही मांडायला हवा.

1978 मध्ये नासातले डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी एक निबंध छापला. त्यांचे गणित सरळ होते. दोन वस्तू आदळल्या की तुकडे होतात, ते तुकडे आणखी वस्तूंवर आदळतात, आणि एका मर्यादेनंतर नवे काही न सोडताही तुकडे वाढत राहतात. पुढे याला ‘केसलर सिंड्रोम’ हे नाव पडले. वाचणारे थोडेच होते. पुढच्याच वर्षी, जुलै 1979 मध्ये, स्कायलॅब पडणार म्हणून भारतात गावोगावी धास्ती पसरली होती; ती ज्यांना आठवते अशी माणसे विदर्भात आजही आहेत. शेवटी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तिथल्या एस्परन्स गावच्या स्थानिक संस्थेने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल नासाला 400 डॉलरचा दंड ठोठावला. ती थट्टा होती.

टक्कर झाल्याशिवाय टकरीवर विश्वास बसत नाही. 1996 मध्ये फ्रान्सच्या सेरीज या लहान उपग्रहाचा एक दांडा तुटला. तो तोडणारा तुकडा दहा वर्षांपूर्वी फुटलेल्या एरियान रॉकेटचा निघाला. जानेवारी 2007 मध्ये चीनने क्षेपणास्त्राने आपलाच जुना हवामान उपग्रह, फेंगयुन-1सी, सुमारे 865 किलोमीटर उंचीवर फोडला. तीन हजारांहून अधिक मोजता येण्याजोगे तुकडे झाले आणि त्या उंचीवर हवा इतकी विरळ की त्यातले बरेच अजून फिरत आहेत. भारताच्या दूरसंवेदन उपग्रहांचे रस्ते त्या पट्ट्याच्या शेजारून जातात.

मग आला 10 फेब्रुवारी 2009. या दिवसावर थोडे थांबायला हवे, कारण धोक्याचा अंदाज म्हणजे नेमके काय हे त्या दिवशी उघडे पडले. अमेरिकन कंपनीचा इरिडियम-33 हा फोन उपग्रह चालू होता. रशियाचा कॉसमॉस-2251 हा 1993 चा लष्करी संदेशवहन उपग्रह कित्येक वर्षे बंद पडलेला होता. सायबेरियावर 789 किलोमीटर उंचीवर दोघांच्या वाटा जवळजवळ काटकोनात छेदत होत्या. सार्वजनिक आकड्यांवरून जवळून जाणाऱ्या जोड्यांची यादी रोज काढणारी एक सेवा तेव्हा होती. त्या यादीत ही जोडी होतीही, अंतर दाखवले होते 584 मीटर. त्या दिवशीच्या यादीत याहून जवळून जाणाऱ्या कितीतरी जोड्या वर होत्या. सगळ्या सुखरूप गेल्या. आदळली ती ही. वेगातला फरक सेकंदाला सुमारे साडेअकरा किलोमीटर. दोन्ही उपग्रहांचे मिळून दोन हजारांच्या आसपास तुकडे नोंदवले गेले.

584 मीटर हा आकडा खोटा नव्हता, अपुरा होता. रडारने किंवा दुर्बिणीने मोजलेली जागा नेमक्या बिंदूवर बसत नाही. मोजमापात चूक असते, वरच्या हवेचा घर्षणदाब सूर्याच्या तापण्याप्रमाणे रोज बदलतो, आणि अंदाज जितका पुढचा तितकी चूक फुगत जाते. म्हणून प्रत्येक वस्तूभोवती एक लंबगोल कल्पावा लागतो. वस्तू त्यात कुठेतरी आहे एवढेच म्हणता येते. प्रवासाच्या दिशेने हा लंबगोल बराच लांब असतो, आडव्या दिशेने अरुंद. दोन वस्तू सर्वांत जवळ येतील त्या क्षणी त्यांचे लंबगोल एकमेकांत किती शिरतात यावरून टकरीची शक्यता काढतात. दहा हजारांत एक, ही बऱ्याच संस्था हालचालीची रेघ मानतात. इथे एक गंमत आहे. मोजमाप फार वाईट असले तर लंबगोल इतका मोठा होतो की शक्यता त्यात पसरून जाते आणि गणिताने येणारा धोका कमी दिसतो. अज्ञान वाढले की आकडा सुखद होतो. हा खाचखळगा ठाऊक नसलेल्याने ते गणित हाती घेऊ नये.

भारतातले याचे सर्वांत बोलके उदाहरण नोव्हेंबर 2020 चे. 27 तारखेच्या सकाळी रशियाचा कानोपुस-व्ही आणि भारताचा 700 किलोंचा कार्टोसॅट-2एफ एकमेकांच्या फार जवळून गेले. रशियन अंतराळ संस्थेने आपला आकडा जाहीर केला, 224 मीटर. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांनी सांगितले की आम्ही चार दिवस या उपग्रहावर नजर ठेवून होतो, अंतर 420 मीटर होते आणि साधारण 150 मीटरपर्यंत येणार असेल तरच आम्ही उपग्रह हलवतो. एकच घटना, दोन राष्ट्रीय संस्था, दोघांकडे उत्तम साधने, आणि उत्तरांत जवळपास दुपटीचा फरक. दोघांपैकी कुणी खोटे बोलत होते असे मानायचे कारण नाही. दोघांची मोजमापे वेगळी, दोघांचे लंबगोल वेगळे. अशा वेळी दोन्ही उपग्रह चालकांनी एकमेकांना फोन करून आपापले ताजे आकडे देणे हा सर्वांत स्वस्त उपाय असतो. तो उपाय नेहमी वापरला जात नाही, कारण उपग्रह कुठे आहे हे सांगणे म्हणजे तो काय पाहतो आहे हे सांगणे, असे लष्करांना वाटते.

हलवायचे ठरले तरी काम संपत नाही. बेंगळुरूमधल्या इस्रोच्या इस्ट्रॅक केंद्रात ज्या दिवशी इशारा येतो त्या दिवशी तिथली मंडळी आधी आपल्या उपग्रहाची स्वतःकडची अचूक कक्षा घेऊन गणित पुन्हा करतात. बरेचसे इशारे इथेच गळतात. उरलेल्यांसाठी इंजिन किती सेकंद आणि कधी चालवायचे हे ठरते. सहसा टकरीच्या जागेच्या अर्धी फेरी आधी वेगात किंचित फरक केला की पुढे उंची काहीशे मीटरने बदलते. मग तो नवा रस्ता इतर सगळ्या वस्तूंशी ताडून पाहायचा, कारण एकाला चुकवताना दुसऱ्याच्या वाटेत जाणे सहज शक्य असते. आणि प्रत्येक हालचालीला इंधन लागते. ते पंपावर भरता येत नाही. जितके जाते तितके उपग्रहाचे आयुष्य घटते. म्हणून शक्य तिथे ठरलेल्या कक्षा-दुरुस्तीतच चुकवण्याचे काम उरकून घेतात.

आकडे पाहा. 2021 मध्ये इस्रोने टक्कर टाळण्यासाठी 19 वेळा उपग्रह हलवले, 2022 मध्ये 21 वेळा, 2023 मध्ये 23 वेळा. त्या 2023 साली अमेरिकेच्या अंतराळ कमांडकडून भारतीय उपग्रहांसाठी सुमारे एक लाख इशारे आले होते. एका किलोमीटरच्या आत येणारे तीन हजारांहून अधिक. एक लाखातून तीन हजार आणि त्यातून तेवीस. ही गाळणी हेच या धंद्यातले खरे कौशल्य. 2024 मध्ये हालचाली 10 वर आल्या. आभाळ मोकळे झाले म्हणून नव्हे, गाळणी बारीक झाली म्हणून.

रॉकेटलाही आता हा हिशेब चुकत नाही. जुलै 2023 मध्ये चांद्रयान-3 चे उड्डाण ठरल्या वेळेपेक्षा चार सेकंद उशिरा झाले आणि त्याच महिन्यात सिंगापूरचे उपग्रह नेणारे पीएसएलव्ही-सी56 एक मिनिट थांबवले गेले. दोन्ही वेळा कारण एकच, वरच्या कुठल्यातरी वस्तूशी गाठ पडू नये. चंद्राभोवतीही तेच. ऑक्टोबर 2021 मध्ये चांद्रयान-2 ला नासाच्या एलआरओ यानापासून दूर सरकवावे लागले होते.

सगळ्यांनाच सरकता येत नाही, हेही लक्षात घ्यावे. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ जून 2016 मध्ये कक्षेत गेला. एक किलोच्या आतला तो उपग्रह मराठी मुलांच्या हातचा म्हणून कौतुकाचा, आणि ते कौतुक योग्यच. पण त्यात दिशा राखायला चुंबक होते, कक्षा बदलायला इंजिन नव्हते. असे इंजिनाविना सोडलेले लहान उपग्रह जगभरातून शेकड्यांनी गेले आहेत. त्यांच्यासमोर कुणी आले तर वाट सोडण्याची जबाबदारी समोरच्याची, आणि समोरचाही मेलेला असेल तर कुणाचीच नाही.

मार्च 2019 मध्ये भारताने ‘मिशन शक्ती’त स्वतःचा मायक्रोसॅट-आर उपग्रह क्षेपणास्त्राने पाडला. उंची जाणूनबुजून कमी, तीनशे किलोमीटरच्या आत निवडली होती, म्हणजे तुकडे लवकर खाली यावेत. बहुतेक आलेही. तरी काही तुकडे धडकेने वर फेकले गेले आणि मोजणीतला शेवटचा खाली यायला तीन वर्षे लागली. चीनच्या 2007 च्या चाचणीशी तुलना केली तर हे फार सौम्य आहे, हे मान्य. पण चाचणी करण्याच्या निर्णयात कक्षेतल्या इतर वाटसरूंचा धोका हा एक खर्च असतो आणि तो दुसऱ्यांच्या खात्यावर पडतो. 15 नोव्हेंबर 2021 ला रशियाने कॉसमॉस-1408 फोडून दीड हजारांवर तुकडे केले तेव्हा अंतराळ स्थानकातल्या लोकांना, त्यांत रशियनही होते, परतीच्या यानांत जाऊन बसावे लागले.

लाडबोरीनंतर काय बदलले? थेट लाडबोरीमुळे बदलले असे म्हणणे भाबडेपणा होईल. पण काळ जुळतो. पाडव्यानंतर तीन महिन्यांनी, 11 जुलै 2022 ला, बेंगळुरूमध्ये इस्रोच्या ‘आयएस4ओएम’ केंद्राचे उद्घाटन झाले. टकरीचे इशारे, पडणाऱ्या वस्तूंचे अंदाज आणि कचरा कमी करण्याची कामे तिथे एका छताखाली आली. नेत्र प्रकल्पात भारताच्या स्वतःच्या रडार-दुर्बिणी उभ्या करण्याचे काम चालू आहे, कारण आजही बहुतेक इशारे परक्याच्या वहीतून येतात. 7 मार्च 2023 ला मेघा-ट्रॉपिक्स-1 हा उपग्रह, जो मुळात असा उतरवण्यासाठी बनवलाच नव्हता, उरलेल्या सुमारे 120 किलो इंधनावर पॅसिफिकमध्ये नेमका उतरवला. जानेवारी 2024 च्या पीएसएलव्ही-सी58 चा चौथा टप्पा 650 किलोमीटरवरून 350 वर आणून प्रयोगांसाठी वापरला आणि मार्चमध्ये तो समुद्रावर जळून संपला. 2030 पर्यंत सर्व भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचे जाहीर झाले आहे. हे करता येते, हे आता सिद्ध आहे. म्हणूनच न करणाऱ्याला सबब उरत नाही.

आणि आपल्यालाही. जुलै 2023 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठे नळकांडे वाहत आले. ऑस्ट्रेलियन अंतराळ संस्थेने ते बहुधा पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग असल्याचे सांगितले. तो समुद्रात पडावा अशीच योजना असते. फक्त समुद्राने तो ठेवून घेतला नाही.

कायदा जुना आहे. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर नुकसान झाले तर उपग्रह सोडणाऱ्या राष्ट्राने चूक सिद्ध न होताही भरपाई द्यायची. कक्षेत टक्कर झाली तर मात्र चूक कुणाची हे आधी सिद्ध करावे लागते आणि दोन मेलेल्या उपग्रहांत ते कसे करणार? 1978 मध्ये कॅनडावर अणुभट्टीसह पडलेल्या कॉसमॉस-954 बद्दल सोव्हिएत संघाने तीस लाख कॅनेडियन डॉलर दिले, अर्ध्याच मागणीवर तडजोड करून. लाडबोरीत कुणाला खरचटलेही नाही, म्हणून भरपाईचा प्रश्न उभा राहिला नाही. पुढच्या महिन्यात गुजरातेत आणंद-खेडा भागातही धातूचे गोळे पडले. या वस्तू आता कमी होणार नाहीत. उपग्रह दर वर्षी हजारांनी चढत आहेत आणि प्रत्येकाला कुठले तरी रॉकेट वर नेते.

तेव्हा गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जिल्हा आपत्ती आराखड्यांत पूर आणि विजेच्या शेजारी या विषयालाही एक पान असावे आणि ते पोलीस पाटलांपर्यंत पोचावे. त्या पानावर फार लिहायचे नाही. पडलेल्या वस्तूला हात लावू नका. टाकी असेल तर आत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मुलांना दूर ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका, ती वस्तू कायद्याने सोडणाऱ्या देशाचीच असते. आणि ठाण्यात कळवताना पडल्याची वेळ मिनिटासकट आणि ती कुठल्या दिशेने आली हे जरूर सांगा, कारण मालक शोधला जातो तो याच दोन गोष्टी नोंदवहीशी ताडून.